गुहेतला दैत्य कोणी मारला

उल्हासनगरच्या त्या दुकानदाराने मला फसवलं नव्हतं. मी त्याला फसवलं. आणि त्याच्याही आधी माझ्या बायकोला. हे आजवर कुणापुढे बोललो नाही. आता बोलतोय, कारण तेच तेच खोटं ओढून थकलोय.

आनंदनगरच्या कंपन्यांतलं भंगार उचलून मी उभा राहिलो. भावात मला कुणी गुंडाळलेलं नाही. आवाज चढवला की समोरचा नमतो, हे मला लवकर कळलं. हे मध्येच का सांगतोय? कारण पुढे तेच वापरलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी बायकोचा, मंगलचा, पाय मोडला होता. कुळगावच्या घरात दिवसभर प्लास्टर घालून बसलेली. म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका दुकानातून तिला जुनं, हातात धरून खेळायचं गेमचं मशीन आणलं – अर्थात घासाघीस करून. गेममध्ये एक तलवारवाला, एक जादूगार, एक वैदीण. रानात भेटतील त्या प्राण्यांशी लढायचं, लढून लढून लेव्हल वाढवायची आणि मग गुहेतल्या शिंगवाल्या दैत्याला गाठायचं. खेळ सेव्ह करायला दोन जागा – एक तिची, एक माझी.

मी धंद्यासारखा खेळलो. फुटकळ लढाया कशाला? प्राणी दिसला की पळायचं, थेट गुहेत. दैत्याने दोन फटक्यांत आडवं केलं. परत गेलो, परत आडवा. मागे जाऊन लेव्हल वाढवायची म्हणजे हार मानायची, असं माझं डोकं.

तिचं उलटं. त्या रानात एक पूल होता; पुलाच्या अलीकडचे प्राणी सोपे, पण त्यांना मारून हाती काही लागत नाही. फार पुढचे आपल्यालाच मारतात. म्हणून पूल ओलांडून जेमतेम पुढे जायचं, औषधं निम्मी संपली की मागे येऊन धर्मशाळेसारख्या सराईत झोपायचं. चांगली ढाल आधी वैदिणीला, कारण ती पडली की सगळेच पडतात. प्लास्टर निघालं तरी दुपारची ही तालीम सुटली नाही. कंटाळा येत नाही का, म्हणून मी खेकसायचो. ती हसायची – “अहो, पळून पळून कुठवर जाल?”

ते हसणं मला लागलं. इतक्याशा बोलण्याचा मी डूख धरला.

तिची तयारी पुरी झाली. “वांगणीहून आले की त्या दैत्याचा नंबर,” असं म्हणून ती भाचीच्या बारशाला माहेरी गेली.

आणि मी – इथे जीभ अडते – मी तिचा खेळ उघडला. फक्त बघू, असं स्वतःला म्हणालो आणि सरळ गुहेत शिरलो. दैत्य मारत होता, वैदीण सावरत होती. तिची ढाल टिकली. मेलेल्याला उठवणारं एकच औषध मंगलने जपून ठेवलं होतं, तेही मी घाबरून वापरलं. दैत्य पडला. रिकाम्या घरात मी जिंकलो म्हणून ओरडलो! मशीनने विचारलं, जुन्यावर सेव्ह करू का? हो म्हटलं. चुकून नाही. माझा विजय पुसला जाऊ नये म्हणून. माझा?

ती आली, हातपाय धुऊन मशीन घेऊन बसली. गुहा रिकामी. बराच वेळ ती आपली माणसं त्या रिकाम्या गुहेत फिरवत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही हात लावला होता?”

“मला कामधंदा नाही का? त्या चोराने मशीनच खराब दिलंय!”

“मग औषध कोणी वापरलं?”

मी तिला तडक स्कूटरवर बसवून दुकानात नेलं आणि माणसं जमेपर्यंत ओरडलो. दुकानदार, केस पिकलेला सिंधी माणूस, हळूच म्हणाला, “सेठ, मशीन अपने आप थोड़ी खेलेगा?” मी चोर, लुच्चा, काय काय बोललो. तो गर्दीकडे बघत राहिला, मग हात जोडले आणि दुसरं मशीन काढून दिलं. जुनं ठेवून घेतलं. तिचा खेळ त्यातच राहिला.

नव्याला मंगलने हात लावला नाही. त्या दुकानासमोरून जाताना ती आजही मान फिरवते.

परवा जेवताना आमची मुलगी मोबाईलवर तसलाच एक जुना गेम खेळत होती. “आई, किती त्याच त्याच मारामाऱ्या गं! वैताग नुसता.” मंगलने तिला पूल सांगितला, सराई सांगितली, ढाल आधी कुणाला तेही. काही विसरली नव्हती.

“मग दैत्य कसा मारलास?”

“मला तो दिसलाच नाही बाई. दुकानदाराने खराब मशीन दिलं होतं.” माझ्याकडे वळून – “हो ना हो?”

घास गिळला आणि म्हणालो, “एक नंबरचा चोर.”

परवा! तो दुकानदार आणि मंगल, दोघंही फसलेले अजून फसलेलेच आहेत.

कंपनीच्या गेटवर, वजनकाट्यावर, दुकानात – सगळ्यांकडून मी जाब मागत आलो. माझ्याकडे हा एक जाब कुणी मागितला नाही. तर मीच मागतो. तिने इतक्या दुपारी घालून जी लढाई उभी केली, ती कोणी खाल्ली? दे उत्तर. ऊठ, तिच्यासमोर जा आणि सांग. आणि आवाज चढवू नकोस.