सोळा पानांचं टिपण

ऑफिसात त्यांना सगळे ‘खातेवाले’ म्हणत. बँकेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. चॅटची अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्या आतला बराचसा कोड यांच्या कंपनीकडून तयार घेत, आणि त्यातला खात्यांचा भाग चौदा वर्षं ते एकटे सांभाळत होते. खातं उघडणं, लॉगिन, लॉगआउट, खातं काढून टाकणं. काम असं, की नीट चाललं तर कुणाला पत्ता नाही आणि बिघडलं की सगळे यांच्या नावाने शंख करणार.

पहिल्याच वर्षी त्यांनी एक घोळ घालून ठेवला होता. एकाच माणसाची अ‍ॅपमध्ये घरचं, ऑफिसचं अशी दोन-चार खाती असत; त्यांची ओळख म्हणून यादीतला नंबर वापरला. मधलं एखादं खातं काढलं की खालची सगळी एकेक घर वर सरकायची, आणि घरच्या खात्यावरून धाडलेला निरोप ऑफिसच्या खात्यावरून जायचा. चूक लक्षात येईतो शेकडो अ‍ॅप त्याच नंबरांवर उभी राहिली होती. नंबर बदलावेत तर ती सगळीच बंद पडणार. मग काढलेल्या खात्याची जागा रिकामी राखायची, कुठे अडलं की ठिगळ लावायचं, असा यांचा संसार सुरू झाला. खरा संसार दुसऱ्या गावी होता. बायको नर्स. तीन वर्षांपूर्वी तिची तिकडे बदली झाली, आणि हे सुट्टीपुरते पाहुणे झाले.

कंपनीच्या तिकडच्या ऑफिसात दुसऱ्या कामावर बदली द्या, म्हणून ते दरवर्षी मागे लागत; यंदा साहेबांनी एकदाची मान डोलावली. साहेब वयाने यांच्याहून बारा वर्षांनी लहान. म्हणाले, “कामाचं नीट लिहून द्या आणि सुटा.” बायकोने तिकडे दोघांसाठी घर बघायला घेतलं.

दुसरा कुणी दोन पानांत उरकून मोकळा झाला असता. यांना कुठलं जमायला! महिनाभर खपून सोळा पानं लिहिली. कोणतं ठिगळ कशासाठी, कुठे हात लावला तर कुणाचा निरोप भलत्याच खात्यावरून जाईल, सगळं. चूक कुणाची, तेही प्रामाणिकपणे लिहिलं.

साहेबांनी ते समोर बसवूनच वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

“एवढं सगळं आहे आत?”

“हो.”

“मग तुम्हाला कसं सोडू हो मी?”

“साहेब, राजीनामा देऊन मी जाऊ शकतो.”

“जा की. धरून कोण ठेवतंय? फक्त तुमच्या मागे हे कुणी निस्तरायचं, तेवढं सतराव्या पानावर लिहा.”

खातेवाल्यांना साहेबांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. लिहायला कुणाचंच नाव नव्हतं, आणि तसंच टाकून निघून जायची छाती त्यांना नव्हती. ते जिन्यात आले आणि बायकोला फोन लावला.

“अहो, सुटलात का?” ती घाईत होती. “मी घरमालकीणबाईंकडेच उभी आहे. छान आहे घर. होय म्हणू ना?”

ते म्हणाले, “एकटीला पुरेल असं बघ.”

मग फोन न ठेवताच तिने मालकीणबाईंना विचारलं, “याहून लहान आहे का हो एखादं?”