टॉमच्या होडीच्या तीन उलट्या फेऱ्या

वीस वर्षं नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात माणसांना भूल देतोय. असले अघटित अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली. आज माझाच लिहितोय... हसायचं तर हसा.

गेल्या जूनमध्ये बाबांच्या अस्थी घेऊन आई आणि मी व्हिटबीला गेलो. बाबांना तिथलं जुनं बंदर फार आवडायचं - लाकडी होड्या, कोळ्यांची घरं, धक्क्यावरचं छोटं म्युझियम. त्या म्युझियममध्ये माहिती सांगणारा टॉम, सत्तरीचा, पिढीजात कोळी, आम्हाला स्वतःच्या होडीतून न्यायला तयार झाला.

भर दुपार, लख्ख ऊन, समुद्र अगदी शांत. अस्थी सोडल्या. पुण्याहून काकांनी फोनवर बजावलं होतं, त्या जागेभोवती तीन उलट्या फेऱ्या घ्यायच्याच. टॉमला तसं सांगितलं, तर त्याने इंजिनच बंद केलं.

"नो, डॉक्टर. अगेन्स्ट द सन नाही. सूर्याच्या उलट होडी आम्ही कधीच वळवत नाही. वळवणाऱ्याला समुद्र ठेवून घेतो."

"टॉम, ही अंधश्रद्धा आहे," मी म्हणालो. मी! हातात रिकामा कलश धरून!

आई रडायला लागली. टॉमने तिच्याकडे पाहिलं, इंजिन पुन्हा सुरू केलं आणि सुकाणू उलटं फिरवलं. तीन वेळा.

धक्क्यावर उतरताना त्याने मला हात दिला. त्याची बाही थंडगार, चिंब होती. अंगावर एक शिंतोडा उडाला नव्हता, तरी माझ्या तळव्यावरून पाणी ओघळलं.

"अरे, त्यांना टॉवेल दे, किती भिजलेत!" आई म्हणाली.

मी टॉमला सांगितलं. त्याने बाही चाचपली. "कोरडी तर आहे," म्हणून हसला. मी तळवा जिभेला लावून पाहिला - खारट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच लॉब्स्टरचे सापळे काढायला गेला. होडी दुपारी सापडली. टॉम तीन दिवसांनी.

अंत्यविधीला मी एकटाच गेलो. त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. "डॉक्टर, एवढंच सांगा... त्याने तुमच्यासाठी होडी उलटी वळवली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

"मी सगळ्यांना तेच सांगत होते," ती म्हणाली, आणि माझे आभार मानले तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या ओल्या बाहीचा अर्थ मला आजही लागलेला नाही. आईला मी काहीच सांगितलं नाही. दिवाळीत तिने टॉमसाठी चकल्यांचा डबा भरून दिला, पोस्टाने पाठव म्हणाली. तो अजून माझ्या गाडीत आहे.