तेरखेड्याच्या माळावरची रानटी घोडी

"रानटी घोडे बघायला परदेशात कशाला जाता? तेरखेड्याच्या पुढं माळावर मोकाट फिरतात," असं नवऱ्याच्या मित्राने सांगितलं. तुळशीची लग्नं उरकली आणि पहिल्याच रविवारी आम्ही सोलापूरहून निघालो. नवऱ्याने दुर्बीण घेतली, खाकी टोपी घेतली आणि घोड्यांना वास जाऊ नये म्हणून सेंट मारला नाही. मी मारला.

तुळजापूर, धाराशिव, येरमाळा, रस्ता झकास आहे. येरमाळ्याच्या ढाब्यावर शेंगोळी आणि भाकरी खा, दोघांचं तीनशेत भागतं. वाटेत सासूबाईंचे दोन फोन आले. धाकट्या दिराच्या लग्नातला बँड ही नवऱ्याची रिंगटोन, त्यामुळे गाडीत दोनदा वरात निघाली. तेरखेड्यात फटाक्यांच्या दुकानांपुढे नवरा रेंगाळला, त्याला ओढून आणलं.

वाशीच्या बाजूला वळलं की माळ लागतो. गाडी बाभळीखाली लावा, पुढे पायीच. शेळ्या राखणाऱ्या एका मावशींनी हात केला, "घोड्या व्हय? त्या टेकाडामागं हायत्या. लई ऐटीच्या हायत्या."

खरंच होत्या. तीन घोड्या, त्यातली एक पांढरी. आम्ही पालथे पडून बघत राहिलो. दोघी उलटसुलट तोंडं करून उभ्या राहतात आणि एकीची शेपटी दुसरीच्या तोंडावरच्या माश्या हाकलते, हे मला त्या दिवशी कळलं. पांढरी मध्येच धुळीत लोळली, उठली, अंग झाडलं आणि उगाचच चौखूर उधळली. इतकं मोकळं कुणाला बघून बरेच दिवस झाले होते. मला फार आवडली ती.

तेवढ्यात गावाकडे कुणीतरी मोठा फटाका लावला. तितर उडाले, शेळ्या पांगल्या, नवऱ्याने दुर्बीण सोडून कान झाकले. पांढरीने मात्र मान ताठ केली आणि पुढचे पाय एकेक उचलत नाचायला लागली.

"ही कसली रानटी?" मी म्हणाले.

"वरातीची हाय," मागून आवाज आला. हातात दावं घेतलेले एक काका उभे होते. "तिघीबी वरातीच्याच. लग्नं नसली की आखाडात माळाला सोडतो. आता परवा वरात हाय आन् ही बया जवळ येऊ देईना. न्हाय आली तर नवरदेव पायी जाईल, आन् मला गावात तोंड दाखवता यायचं न्हाय. ताई, मोबाईलवर जरा बँड लावा की. ऐकला की नाचत येती."

पांढरी पुन्हा गवतात तोंड घालून उभी होती. "चार्जिंग संपलंय," मी ठोकून दिलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

आणि त्याच्या खिशात बँड वाजायला लागला.

घोडी नाचत नाचत थेट आमच्यापर्यंत आली. काकांनी दावं अडकवलं, तिच्या मानेवर थोपटलं. "आखाडात परत सोडतो गं," ते तिला म्हणाले. नवऱ्याने फोन उचलला. सासूबाई विचारत होत्या, घोडे दिसले का?

"दिसले," तो म्हणाला, "आणि धरूनही दिले."

घरी येऊन आठवडा झाला. नवऱ्याचा फोन आता नुसता थरथरतो, ते मी करून घेतलं. काल आमच्या गल्लीत वरात आली. सगळे नवरदेव बघायला धावले. मी गर्दीतून घुसून घोडीजवळ गेले, तिच्या कानाशी लागून म्हणाले, "आखाड येईलच गं." तिने माझ्या केसांतला गजरा खाल्ला.