जावयाचं जाकीट

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळीच गॅस संपला. दुपारी भावजी आले. यांची जुनी राखाडी पँट मागून नेली. कशाला, ते सांगितलं नाही. वहिनींनी डायरीत एवढंच लिहिलं.

भावजी हायवेच्या रुंदीकरणावर झेंडा दाखवायचे. दोन लेनची एक लेन होते, तिथे दिवसभर उभं राहायचं आणि भरधाव गाड्यांना हळू व्हायला सांगायचं, हे त्यांचं काम. सोबतचे त्यांना बावटेराव म्हणत. त्यांच्या पाठीमागे तिघे जण वाकून डांबराने भेगा भरत. त्या तिघांचा जीव बावटेरावांच्या हातातल्या फडक्यावर.

पण फडक्याला विचारतो कोण? जिवंत माणूस आपणहून बाजूला होईल, असा ड्रायव्हरांचा ठाम विश्वास. म्हणून भावजींनी थोरल्या भावाच्या पँटमध्ये पेंढा भरला, वर फुटका फुटबॉल बसवला, हाताला झेंडा बांधला आणि ते बुजगावणं आपल्या जागी उभं केलं. स्वतः शिट्टी घेऊन मागच्या काँक्रीटच्या ठोकळ्याआड थांबले. समोरचा हटतच नाही म्हटल्यावर गाड्या खरंच हळू होऊ लागल्या. काम काही करत नाही, नुसता ताठ उभा असतो, म्हणून डांबरवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं जावई.

सेफ्टीच्या साहेबांना जावई फार आवडला. भावजी वर्षभर मागत होते ते चमकत्या पट्ट्यांचं नवं जाकीट स्टोअरमधून लगेच आलं, आणि जावयाच्या अंगावर चढलं.

“आणि मला?” भावजींनी विचारलं.

“तुम्ही मागे उभे असता. तुम्हाला कोण बघतंय?”

पुढच्याच आठवड्यात साहेबांच्या लक्षात आलं, की एका जागेवर दोघे उभे आहेत. त्यातला एक रजा मागत नाही, पाणी मागत नाही. साहजिकच दुसऱ्याची बदली झाली, खडी मोजायच्या शेडमध्ये. सावली मिळणार म्हणून भावजींच्या बायकोने समाधानाचा सुस्कारा टाकला. वहिनींनी मात्र गव्हातले खडे निवडता निवडता विचारलं, “मग भावजी, शिट्टी कोण वाजवणार?”

भावजींनी तोच प्रश्न साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी गंभीरपणे विचार केला आणि जावयाच्या गळ्यात शिट्टी बांधायला सांगितली.

सोमवारी भावजींनी शेडमध्ये हजेरी लावली. पण खडी मोजताना लक्ष रस्त्याकडेच होतं. डबा विसरल्याचं निमित्त करून ते पुन्हा आपल्या ठोकळ्याआड येऊन उभे राहिले. खिशात स्वतःची जुनी शिट्टी होतीच.

जेवणाच्या सुमाराला कपाटं भरलेला एक टेम्पो आला. ड्रायव्हरचं लक्ष फोनमध्ये. जावई काही हलला नाही. तो हवेतच उडाला. भावजींनी छाती फुटेस्तोवर शिट्टी फुंकली. तिघांनी मागे न बघता बाजूच्या चरात उड्या टाकल्या. डांबराची बादली कलंडली, आणि तिघे वाकून उभे होते नेमकं तिथे येऊन टेम्पो थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. आडव्या पडलेल्या जावयाचे पाय धरून “दादा, डोळे उघडा” म्हणत रडायला लागला. हाताला पेंढा लागला, तेव्हा डोळे पुसून भावजींवरच उखडला. म्हणाला, “माणसाला असं फसवतात का?”

कंपनीच्या अहवालात जीवितहानी शून्य, जाकीट एक खराब, अशी नोंद झाली. शेड सोडून गेल्याबद्दल भावजींना मेमो मिळाला. त्याच कागदावर खाली हुकूम होता, की नवीन बुजगावण्याची सोय होईपर्यंत त्यांनी जुन्या जागी उभं राहावं. उसवलेलं जाकीटही त्यांच्याच हाती आलं. जावई गेल्यावर आता ते घालणार कोण?

संध्याकाळी ते जाकीट आणि पँट घेऊन वहिनींकडे आले. वहिनींनी जाकिटाची शिवण घातली, तोवर ते चहा पीत बसले. डांबरवाल्या तिघांपैकी एकाने दुपारी आपला डबा त्यांना दिला होता, एवढंच काय ते सांगितलं.

ते गेल्यावर वहिनींनी डायरी काढली. लिहिलं: यांची पँट परत आली. दोनदा धुतली, डांबर निघत नाही. फरशी पुसायला घेतली.