वसुधाताई आणि आमच्या सामानाचा विमा

रेल्वेतल्या बदलीमुळे मी आणि माझी पत्नी कल्याणी नागपूरहून काशीला आलो आणि मंगला गौरी मंदिराजवळच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो. सामान अजून जिन्यातच होतं, तेव्हा शेजारच्या वसुधाताई चहाची किटली घेऊन आल्या. विमा कंपनीच्या क्लेम विभागातून निवृत्त झालेल्या. कप हातात देतादेता त्यांनी विचारलं, "भिंतींचा विमा मालकांनी काढला असेल. आतल्या सामानाचा कोणी काढलाय?"

दिवसभर ओझी वाहिलेल्या माणसाला हा प्रश्न कसा वाटला असेल, हे ताईंच्या सत्कारानिमित्त हे वाचणाऱ्या आपल्या काशीतल्या मराठी मंडळींना सांगायला नको. ताईंनी तो आपणा सर्वांना हळदीकुंकवात, मुंजीत आणि गणपतीच्या आरतीनंतर विचारलेला आहे.

घरमालक भैयाजी मला म्हणाले होते, "अरे साहब, मेरे बीमे में सब आ जाता है." मी तेच ताईंना ऐकवलं. मालकाच्या पॉलिसीत घराचं बांधकाम येतं, भाडेकरूचं कपाट नाही, हे त्यांनी न रागावता समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा समजावलं. भाजी घेताना गाठूनही समजावलं. शेवटी केवळ त्यांचं बोलणं थांबावं म्हणून मी घरसामानाची पॉलिसी काढली.

पण त्या थांबल्या नाहीत. कल्याणी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना पुरणपोळीचं जेवण करून देत असे. तिचा मोठा फ्रीझर आणि ग्राइंडर धंद्याचे, ते घरगुती पॉलिसीत बसत नाहीत, त्यांची वेगळी पॉलिसी घ्या, असं ताईंनी सांगितलं. तेव्हा मात्र मी हात जोडले. आता पुरे, म्हणालो.

पुढे आम्ही लग्नासाठी नागपूरला गेलो असताना गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली. परतलो तेव्हा छताचा गिलावा पलंगावर पडलेला, कपाट फुगलेलं, टीव्ही, फ्रीझर आणि ग्राइंडर बंद. भैयाजींच्या विम्यातून छत दुरुस्त होणार होतं. आमच्या वस्तूंशी त्या पॉलिसीचा संबंध नव्हता, हे कळल्यावर ते बिचारे स्वतःच ओशाळले.

आमच्या विमा कंपनीनं आधी कळवलं, की ही जुनी गळती आहे, भरपाई मिळणार नाही. ताई आमच्यासोबत ऑफिसात गेल्या. गळती हळूहळू होते, टाकी एकदम फुटते, आणि टाकी फुटणं पॉलिसीत आहे, हे त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना ते कंटाळेपर्यंत सांगितलं. तो कंटाळा मला परिचयाचा होता. शेवटी कंपनीचे सर्व्हेअर नुकसानीच्या पाहणीला आले.

फ्रीझर घरचाच आहे असं सांगा, असा सल्ला भैयाजींनी आधीच दिला होता. सर्व्हेअरनी विचारलं, तेव्हा कल्याणीनं माझ्याकडे पाहिलं. मी फुगलेल्या कपाटाकडे वळलो. कोपऱ्यात बसलेल्या ताई हळू आवाजात म्हणाल्या, "खरं तेच सांग, बाळ. एक खोटं निघालं तर बाकीचंही देणार नाहीत. आणि निघालं नाही, तरी ते खोटंच."

"धंद्याचा आहे," कल्याणी म्हणाली.

घरसामानाची भरपाई मिळाली. फ्रीझर, ग्राइंडर गेले आणि हातातल्या सगळ्या ऑर्डरीही जाणार होत्या. मी ताईंवर इतका चिडलो होतो, की जिन्यात भेटल्या तर मान वळवत असे.

त्या मात्र एका सकाळी आल्या आणि आपल्या स्वयंपाकघराची किल्ली कल्याणीच्या हातात ठेवून म्हणाल्या, "माझा भात पहाटेच होतो. मग ओटा तुझा." दिवाळीपर्यंत कल्याणीची पुरणं त्यांच्या ओट्यावर शिजली. भाड्याचा विषय काढला की ताई ऐकू न आल्यासारखं करत. धंद्याच्या पॉलिसीचा विषय मात्र त्या स्वतःच रोज काढत. नवा फ्रीझर आला त्याच दिवशी कल्याणीनं ती काढली, मला न विचारता.

सत्काराला शाल नको, येणाऱ्यांनी आपापली पॉलिसी वाचून यावं, असं ताईंनी कळवलं आहे. मी कालच बसलो होतो. तिसऱ्या पानावर अडकलो आणि त्यांचं दार वाजवलं. तास गेला, डोकं भणभणलं, पण कळलं.

ताई, आपली प्रकृती ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो. आम्हाला वैताग देण्यासाठी आपण शंभरी ओलांडावी, ही गंगामाईच्या चरणी प्रार्थना.