शेठाणींची डाळ आणि माझं मरण

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा, ठसका लागेल. मी एकदा निपाणीत मेलो होतो. भर दुपारी, भरल्या ताटावर!

साहेबाच्या राज्यातली गोष्ट. मी कडोलीचा. एका गुजराती शेठच्या तंबाखूच्या वखारीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. पहिला दिवस म्हणून शेठनी घरीच जेवायला बोलावलं. घर वखारीला लागूनच. निघताना अंधाऱ्या कोपऱ्यात, तंबाखूच्या बोदांच्या, म्हणजे गच्च बांधलेल्या गाठोड्यांच्या थप्पीशेजारी, टाचेला कचकन काहीतरी टोचलं. बघतो तर रक्ताचा थेंब. उंदीर असेल म्हटलं आणि दारात वहाणा काढून पानावर बसलो.

डाळीचा पहिला भुरका मारला आणि अंगावर काटा आला. डाळ गोड!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, आमच्या गावात साप चावला की माणसाला कडुलिंबाचा पाला आणि मिरची चघळायला देतात. कडू-तिखट लागलं तर भिण्याचं कारण नाही. गोड लागलं, की विष चढलं! हे आम्हाला लहानपणापासून पाठ. गुजराती माणूस डाळीत गूळ घालतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

भीत भीत भाजी चाखली. गोड. कढी? गोड. शेवटची आशा म्हणून लोणचं तोंडात टाकलं, तर तेही गोड! आणि समोर शेठ मिटक्या मारत जेवत होते. म्हणजे बिघाड ताटात नव्हता, माझ्या जिभेत होता.

चोरून टाच बघितली. भोक एकच होतं. पण म्हाताऱ्या सापाचा एक दात पडलेला असू शकतो की नाही? खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

"शेठजी, मला साप चावलाय!"

शेठच्या हातातली वाटी पडली. वखारीतले हमाल काठ्या घेऊन धावले. "थप्पी पाडा रं! जनावर आत हाय!" बोदं धडाधड खाली आली, फुटली, तंबाखूचा धुरळा उडाला आणि अख्खी वखार शिंकायला लागली. मीही शिंकत होतो. मरताना शिंका येतात का, हे कुणाला विचारणार?

गणपा हमालानं मला दाराशी आडवं करून माझं डोकं मांडीवर घेतलं. सकाळचीच ओळख, पण रडत होता बिचारा.

"गणपा, कडोलीला आईला सांगावा धाड रं. आन दारातल्या माझ्या नव्या वहाणा तुला घे."

"असं वंगाळ बोलू नगा, अण्णा!" असं म्हणत गणपानं हात लांब करून वहाणा जवळ ओढल्या.

तेवढ्यात शेठाणी स्वयंपाकघरातून आल्या. "साप चावला? कोणी बघितला साप?"

"बघितला न्हाय, पण डाळ गोड लागतीया!"

शेठाणींनी कपाळाला हात लावला. "अरे भाई, गूळ घातला तर गोड नाय लागणार?"

मला पटेना. मरणाऱ्याची समजूत घालतातच की! शेवटी त्यांनी गणपाच्या भाकरीच्या फडक्यातली हिरवी मिरची घेतली आणि माझ्या तोंडात कोंबली. मी चावली. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा!

"तिखट लागतंय! लई तिखट लागतंय!" मी गणपाला मिठी मारली.

मग साप कुठं गेला? गणपा वहाणा घालून चालायला लागला आणि दुसऱ्याच पावलाला किंचाळला. टाचेचा खिळा वर आला होता.

"घ्या अण्णा," वहाणा माझ्यापुढं टाकत तो म्हणाला, "तुमचा साप तुम्हालाच!"

शेठ पाडलेल्या थप्पीकडे बघून नुसते शिंकले. नोकरी मात्र राहिली. दुसऱ्या दिवसापासून जेवणही त्यांच्याकडेच, आणि शेठाणी माझ्या पानात ठेचा वाढू लागल्या. पुढं त्यांची मुलंही ठेच्यासाठी भांडू लागली, आणि मी? मी गोड डाळ वाट्यांवर वाट्या प्यायला लागलो.

दिवाळीला घरी गेलो. किस्सा माझ्याआधी कडोलीला पोचला होता. आईनं आमटी वाढली. एका घासात घाम फुटला.

"आई, लई तिखट लागतंय गं. जरा गूळ घालतीस?"

आईनं गुळाचा डबा उचलला आणि फळीवर पार मागं सारला.

"तिखट लागतंय न्हवं? मग जित्ता हाईस. गप गीळ!"