मागच्या ब्रेकवर पाय

मानखुर्दच्या मिठागरांकडच्या रिकाम्या रस्त्यावर तो रविवारी सकाळी मोटारसायकल एका चाकावर चालवायचा. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही, त्यानंही माझं नाही. नववीत शाळा सोडून मी घाटावरून आलो होतो आणि गोवंडीत लेथवर लागलो होतो. हाताला काही झालं तर थेट गावची एसटी, ही धास्ती कायमची. तरी एकदा धीर करून म्हणालो, "मलाही शिकव ना. फक्त हात मोडायला नको, लेथवर काम करतो."

"म्हणजे डोकं फुटलं तर चालेल?" तो हसला. मला गाडीवर बसवून त्यानं माझा उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवला आणि वरून दोनदा थोपटला. "आधी चाक खाली आणायला शिक. वर काय, कुणीपण नेतो."

मागचं कॅरियर धरून तो पळू लागला. मी ॲक्सिलरेटरची मूठ पिळली तसं पुढचं चाक उचललं, मी मागे घसरलो आणि सगळे नवखे करतात तेच केलं. भीतीनं मूठ आणखी पिळली. समोर नुसतं आभाळ.

"पाय दाब! अरे, पाय!"

दाबला. चाक धाडकन खाली आलं, गाडी थांबली. कॅरियर हातातून सुटून तो रस्त्यावर आपटला होता. उठून आला तो थेट माझ्या हातांकडे. एकेक बोट दुमडून, उघडून पाहिलं.

"दहाच्या दहा आहेत रे. उद्या जा कामावर."

त्याचं स्वतःचं कोपर सोलून निघालं होतं. गाव सोडल्यापासून माझी बोटं कुणी मोजली नव्हती.